आईच्या पत्रांतला स्वयंपाक

दिवाळी आली की माझा अनारसा हटकून हसतो! तुपात सोडावा, तर जाळी पडायच्या ऐवजी साराच विरघळून पसरतो. आईला किती वेळा विचारले होते, "गूळ किती गं घालायचा?" उत्तर ठरलेले, "अंदाजाने!" आई गेली आणि तो अंदाजही तिच्याबरोबर गेला.

म्हणूनच मधुर जाफरींची हकिकत वाचून मला त्यांचा हेवा वाटला. इंग्रजांना दूरचित्रवाणीवरून हिंदुस्थानी स्वयंपाक शिकवणाऱ्या या बाई १९३३ साली दिल्लीत, माथुर कायस्थ घराण्यात जन्मल्या. जन्मताच आजीने त्यांच्या जिभेवर मधाने 'ॐ' रेखला. आजोबांच्या ऐसपैस घरात चुलत भावंडांचा मोठा गोतावळा होता. कायस्थ मंडळी पिढ्यान् पिढ्या मोगल दरबाराच्या चाकरीतली. त्यामुळे दरबारी थाटाचे मांसाचे पदार्थ आणि साधे डाळ-भात एकाच घरात गुण्यागोविंदाने नांदत.

पण खरी गंमत पुढेच! अशा खवय्या घरातली ही मुलगी शाळेत पाकशास्त्राच्या परीक्षेत नापास झाली. नाट्यशिक्षणासाठी लंडनला गेली, तेव्हा तिला साधा चहाही करता येत नव्हता. तिथले बेचव जेवण घशाखाली उतरेना. अखेर तिने आईलाच पत्र घातले. उत्तरादाखल हिंदीतून कृती येऊ लागल्या, मोजक्या ओळींच्या. राहिलेल्या जागा लेकीने जिभेच्या आठवणीने भरल्या.

पुढे त्या नटी म्हणून नावाजल्या. 'शेक्सपियरवाला'तील भूमिकेसाठी १९६५ साली त्यांना बर्लिनच्या महोत्सवात पारितोषिक मिळाले. १९७३ साली पाककृतींचे पहिले पुस्तक निघाले, १९८२ साली बीबीसीवर मालिका झाली आणि २०२२ साली पद्मभूषण मिळाले. या साऱ्या स्वयंपाकाचे मूळ मात्र आईच्या त्या पत्रांत.

मग माझ्याकडे आईचे असे एकही पत्र का नसावे? कारण साधे आहे. मधुरबाई सातासमुद्रापार गेल्या, म्हणून त्यांच्या आईला लिहावे लागले. मी माहेरापासून दोन गल्ल्यांवर नांदले. रोजच भेट, लिहिणार कोण आणि कशाला?

परवा बंगळूरहून लेकीचा फोन आला, "आई, चकलीच्या भाजणीत उडदाची डाळ किती गं?" "अंदाजाने" हा शब्द अगदी ओठांवर आला होता. तो तसाच गिळला, डब्यातली वाटी काढली आणि कागद-पेन घेऊन बसले.