घेतलेले राखायचे कसे?

(आकाशवाणीवरील भाषणाचा संपादित अंश)

संगणकावरचे खेळ म्हटले की पालकांच्या डोळ्यांसमोर धडाधड गोळ्या झाडणारी मुले येतात. मी मात्र आज अशा खेळांविषयी बोलणार आहे, ज्यांत घाई मुळीच कामाची नाही. बुद्धिबळासारखी एक चाल आपली, मग दुसऱ्याची. यांतला फार गाजलेला खेळ म्हणजे सिड मायर आणि ब्रूस शेली यांनी १९९१ मध्ये आणलेला 'सिव्हिलायझेशन'. एका गावापासून सुरुवात करायची, नवी गावे वसवायची, विद्या वाढवायची, शेजाऱ्यांशी जमवून घ्यायचे किंवा लढायचे. मी हे खेळ वर्षानुवर्षे खेळत आलो आहे आणि माझ्या मते त्यांतला खरा पेच एकच आहे. मोकळ्या जागेवर पसरावे की दुसऱ्याचे जिंकावे?

एका गावात एका वेळी एकच काम होते. शिपाई तयार करायला घेतले की नवी वसाहत लांबते. नुसतीच फौज जमवली, तर मोकळी जमीन शेजारी बळकावतो. नुसतीच गावे वसवली, तर पहाऱ्याविना ती सहज हातची जातात. म्हणून जमीन मोकळी आहे तोवर पसरावे, सरहद्दीवर पहारा ठेवावा आणि पुढच्या जागा संपल्या की मग लढाईचा विचार करावा.

पण पसरण्यालाही मर्यादा आहे. आमच्या मिरकरवाड्याच्या बंदरात हा हिशेब कुणाला शिकवावा लागत नाही. पहिल्या नौकेच्या कमाईवर दुसरी घेता येते. पण तिलाही डिझेल लागते, बर्फ लागतो, तांडेल आणि खलाशी लागतात. पावसाळ्यात मासेमारी बंद असते तेव्हा दोन्ही नौका उभ्या आणि कर्जाचा हप्ता मात्र चालू! नौका घेण्याचा खर्च एकदाच, बाळगण्याचा कायमचा.

२००५ च्या चौथ्या 'सिव्हिलायझेशन'मध्ये नेमके हेच गणित घातले होते. गावांची संख्या वाढली की प्रत्येक गावाचा खर्च वाढतो आणि राजधानीपासून गाव जितके दूर, तितका तो अधिक. फार भराभर पसरणाऱ्याची तिजोरी आटते, विद्येला पैसा उरत नाही आणि चार गावांचा शेजारी पुढे निघून जातो.

जिंकलेल्या गावाचे दुखणे वेगळेच. २०१० च्या पाचव्या खेळात जिंकल्यावर तीन वाटा समोर येतात: गाव आपल्या राज्यात सामील करावे, मांडलिक ठेवावे किंवा जाळून टाकावे. सामील केले तर न्यायालय बांधून होईपर्यंत असंतोष धुमसतो. मांडलिक ठेवले तर उत्पन्न मिळते, पण तिथे काय बांधायचे हे आपण ठरवू शकत नाही.

हे वाचून मराठी माणसाला चौथाई आठवल्याशिवाय राहणार नाही. मुलखाचा कारभार अंगावर न घेता महसुलाचा चौथा हिस्सा वसूल करायचा, ही मराठ्यांची रीत स्वस्तात पसरण्याचीच होती. तिची परीक्षा उत्तरेत झाली. १७५८ मध्ये मराठी फौजा लाहोर घेऊन अटकेपर्यंत पोहोचल्या, पण राघोबादादा त्या मोहिमेवरून परतले ते कर्ज घेऊन. पुण्याहून इतक्या लांबची ठाणी राखायला पुरेशी फौज आणि पैसा नव्हता. १७५९ मध्ये अब्दाली परतला तेव्हा पंजाब हातातून गेला आणि १४ जानेवारी १७६१ ला पानिपत झाले. पानिपताची कारणे अनेक आहेत, पण खर्च आणि अंतर ही त्यांतली दोन ठळक कारणे.

म्हणून नव्याने खेळणाऱ्यांना मी सांगतो, लढायचे तर जवळच्या आणि दुबळ्या शेजाऱ्याशी लढा. एक-दोन गावे घेतली की थांबा. रस्ते बांधा, असंतोष शमवा, तिजोरी सावरू द्या, मगच पुढे सरका. खेळात चाल चुकली तर साठवून ठेवलेला जुना डाव उघडून पुन्हा सुरुवात करता येते. पानिपतावर गेलेल्यांना ती सोय नव्हती, आणि हप्ता थकलेल्या नौकामालकालाही नसते. मुलगा हा खेळ खेळताना दिसला, तर रागावण्याआधी त्याला एवढेच विचारा: घेतलेस खरे, पण राखणार कसे?