गाठ कुणाशी आहे?

पेरूची बाग पिवळी पडली. मुळांना गाठी निघाल्या. रिपोर्टमध्ये 'सूत्रकृमी' असं आलंही. पण कोणता सूत्रकृमी? एवढंसं नाव शोधायला ब्लेड लागतं, मायक्रोस्कोप लागतो, सहा कुंड्या लागतात आणि डीएनएसुद्धा. अन् नाव चुकलं, तर उपायही चुकतो.

गेल्या वर्षी पाऊस सरता सरता एका मित्राचा व्हॉट्सॲपवर फोटो आला. पेरूची पानं. कडा तांबूस, मधला भाग पिवळा. खाली एकच ओळ : 'भावा, हे काय झालंय?'

मी ॲग्रीवाला. त्यामुळे मित्रांत आपोआप डॉक्टर. एसटीत उभ्या उभ्या फोटो मोठा करून पाहिला आणि निदान ठोकून दिलं, 'झिंक कमी पडतंय. फवारणी घे.' त्यानं घेतली. महिनाभरानं पुन्हा तसाच फोटो, पानं आणखी गळालेली. मग दुकानदारानं बुरशीनाशक दिलं, तेही ड्रिपमधून सोडून झालं. पैसे गेले, बहर गेला, झाडं मात्र सुकतच राहिली. दोन वर्षांची बाग होती ती. पुण्यातली नोकरी सोडून, घरच्यांना कसंबसं पटवून लावलेली.

दिवाळीत गावी गेलो, थेट बागेत गेलो. आम्ही दोघं मोबाइलमधले जुने फोटो काढून पानं ताडून बघत होतो. त्याचे वडील बांधावर उभे. म्हणाले, "पानं काय बघता रे नुसती? मूळ बघा की कुणीतरी." आणि खुरपं पुढं केलं.

उकरलं. बारीक तंतुमुळं जवळपास नव्हतीच. होती ती मुळं हळकुंडासारखी सुजलेली, गाठीवर गाठ. मान खाली घालायची वेळ आली. चार वर्षं शिकून मी जमिनीच्या वरचंच झाड बघत होतो.

माती आणि मुळं लॅबला पाठवली. रिपोर्ट आला : 'मेलॉइडोगायनी एसपी.'

"हा एसपी कोण? पोलिसातला?" मित्रानं विचारलं. मी हसलो. पण प्रश्न बरोबर होता. एसपी म्हणजे 'स्पीशीज', प्रजाती. ती कोणती, हे ठरवलेलं नाही, असा त्याचा अर्थ.

आडनाव मिळालं, नाव?

सूत्रकृमी म्हणजे दोऱ्यासारखा कृमी. मातीत ते खच्चून भरलेले असतात आणि त्यातले कितीतरी बॅक्टेरिया, बुरशी खाऊन गुपचूप जगतात. झाडांवर जगणाऱ्यांच्या मात्र ४ हजारांहून जास्त प्रजातींची नोंद झालेली आहे. ओळखायची पहिली खूण तोंडात असते. इंजेक्शनच्या सुईसारखी पोकळ सुई. ती मुळाच्या पेशीत खुपसायची आणि आतलं ओढून घ्यायचं. ही सुईच नसेल, तर तो कृमी झाडाच्या वाटेला जात नाही.

मेलॉइडोगायनी ही मुळांवर गाठी करणारी मंडळी. अंड्यातून निघालेलं पिल्लू साधारण अर्ध्या मिलिमीटरहून लहान. ते मुळात शिरतं, एका जागी ठाण मांडतं आणि भोवतीच्या पेशी फुगवून स्वतःच्या जेवणाची सोय करून घेतं. त्या फुगण्यातूनच गाठ तयार होते. मादी मोठी झाली की नाशपतीसारखी गोल होते. मेलॉइडोगायनी या नावाचा अर्थही 'फळाच्या आकाराची मादी' असाच काहीसा. एकेक मादी शेकड्यांनी अंडी घालते आणि उबदार जमिनीत महिनाभरात पुढची पिढी तयार.

पण मेलॉइडोगायनी हे झालं आडनाव. गावात जाऊन नुसतं 'पाटील कुठं राहतात?' असं विचारलं, तर अर्धं गाव वळून बघेल. या आडनावाच्या शंभराच्या आसपास प्रजाती आहेत. इन्कॉग्निटा, जावानिका, अरेनारिया आणि हापला या चौघी जगभर सगळ्यात जास्त भेटतात. आपल्याकडे डाळिंबाच्या बागांना छळते ती मुख्यतः इन्कॉग्निटा.

नावानं काय फरक पडतो?

मित्राचा पुढचा प्रश्न हाच. "औषध सोडायचंच आहे ना? मग नाव घेऊन काय करू?"

समजा, टोमॅटोच्या शेतात गाठी निघाल्या आणि पुढं भुईमूग घ्यायचा विचार आहे. गाठी इन्कॉग्निटाच्या असतील तर विचार चांगला. तिला भुईमूग चालत नाही, पिल्लं उपाशी मरतात. पण त्या अरेनारियाच्या असतील तर? अरेनारियाचा एक गट भुईमुगावर मजेत वाढतो. म्हणजे आपणच बियाणं विकत आणून शत्रूची पंगत वाढली.

दुसरं उदाहरण टोमॅटोचंच. काही वाणांमध्ये 'एमआय' नावाचा जनुक असतो. जंगली टोमॅटोकडून घेतलेला. तो इन्कॉग्निटा, जावानिका आणि अरेनारियाला रोखतो. जमीन २८ अंशांच्या वर तापली की त्याचाही जोर कमी होतो, ते वेगळं. हापलाला तो रोखतच नाही. त्यामुळे 'सूत्रकृमीला प्रतिकारक' असं लिहिलेलं महागडं बियाणं आणताना 'कोणत्या सूत्रकृमीला?' हे विचारावंच लागतं.

बागेचं तर आणखी अवघड. टोमॅटोनंतर दुसरं पीक घेता येतं. पेरूचं झाड एकदा लावलं की वर्षानुवर्षं तिथंच. चूकही तितकीच वर्षं जमिनीत राहते.

मादीच्या अंगावरचा ठसा

१८५५ मध्ये इंग्लंडमध्ये माइल्स बर्कली यांनी काचघरातल्या काकडीच्या मुळांवरच्या गाठींबद्दल लिहिलं. १८८७ मध्ये ब्राझीलमध्ये एमिल गोल्डी यांना कॉफीच्या मुळांत हाच प्रकार दिसला आणि त्यांनी मेलॉइडोगायनी हे नाव दिलं. तरी पुढं कितीतरी वर्षं जगभरातल्या गाठी एकाच प्राण्याच्या नावावर खपत होत्या. शास्त्रज्ञ वैतागले होते, कारण एका ठिकाणी हा प्राणी कापूस खायचा आणि दुसऱ्या ठिकाणी त्याच कापसाला तोंड लावायचा नाही. १९४९ मध्ये अमेरिकेत बी. जी. चिटवुड यांनी दाखवून दिलं, की हा एक प्राणी नाहीच. त्यांनी त्यातून पाच प्रजाती वेगळ्या केल्या.

कशावरून? मादीच्या मागच्या भागावरच्या वळ्यांवरून.

मुळाची गाठ सुईनं हळूच उकलायची. आत मोत्यासारखी पांढरी मादी दिसते, टाचणीच्या डोक्याहून लहान. तिचा मागचा भाग ब्लेडनं कापायचा, आतलं सगळं साफ करायचं आणि नुसती कातडी ग्लिसरीनच्या थेंबात ठेवायची. मायक्रोस्कोपखाली तिच्यावर वळ्या दिसतात, आपल्या अंगठ्याच्या ठशासारख्या. वरची कमान उंच, चौकोनी असेल तर इन्कॉग्निटा. दोन्ही बाजूंनी ठळक रेघा कमानीला तोडत गेल्या असतील तर जावानिका. शेपटीच्या टोकाशी बारीक ठिपके असतील तर हापला.

वाचायला सोपं आहे. प्रॅक्टिकलला माझ्या किती माद्या ब्लेडखाली फुटल्या, ते विचारू नका. आणि एक ठसा बघून भागत नाही. एकाच प्रजातीच्या दोन माद्यांच्या वळ्यांतही फरक असतो. म्हणून एकेका नमुन्यातल्या बऱ्याच माद्या बघायच्या आणि मग बोलायचं.

सहा कुंड्यांची परीक्षा

ठशावरून ठरेना, तर त्यांनाच विचारायचं, 'काय खाता?' अमेरिकेतल्या नॉर्थ कॅरोलिनात ठरवलेली ही पद्धत. कापूस, तंबाखू, ढोबळी मिरची, कलिंगड, भुईमूग आणि टोमॅटो यांचे ठरावीक वाण सहा कुंड्यांत लावायचे, प्रत्येकीत तीच अंडी सोडायची आणि दीड-दोन महिन्यांनी मुळं धुऊन बघायची. कुणावर गाठी आल्या, कुणावर नाही, त्यावरून अंदाज बांधायचा.

१९८५ मध्ये एस्बेनशेड आणि ट्रायान्टाफिलू या दोघांनी आणखी नेमकी वाट रूढ केली. एकच मादी चिरडायची आणि तिच्यातलं एस्टरेज हे विकर जेलमध्ये पळवायचं. रंग दिला की रेघा उमटतात. जावानिकाच्या तीन, इन्कॉग्निटाची एक.

'अनोळखी'च्या नावाखाली

इन्कॉग्निटा या लॅटिन शब्दाचा अर्थ 'अनोळखी'. गंमत म्हणजे, आज सगळ्यांच्या ओळखीची हीच. आणि खरी अनोळखी तिच्याच नावाखाली लपून बसली होती.

१९८३ मध्ये चीनच्या हैनान बेटावर कानाच्या आकाराच्या शेंगांच्या एका झाडाखाली एक नवी प्रजाती सापडली. त्या झाडाच्या नावावरून तिला एन्टरोलोबाय म्हटलं गेलं. १९८८ मध्ये पोर्तो रिकोत वांग्याच्या मुळांवर आणखी एक नवी प्रजाती नोंदवली गेली. पुढं कळलं, की दोन्ही एकच! म्हणजे ओळखणाऱ्यांचीही गफलत होते.

हिचा ठसा पुष्कळदा इन्कॉग्निटासारखा दिसतो. सहा कुंड्यांच्या परीक्षेतही ती इन्कॉग्निटाच्या एका गटासारखेच मार्क मिळवते. त्यामुळे कितीतरी ठिकाणी तिला इन्कॉग्निटा समजलं गेलं. वागणं मात्र अगदी वेगळं. टोमॅटोचा तो एमआय जनुक हिच्यापुढं चालत नाही. आणि पेरू तर हिच्या खास आवडीचा. ब्राझीलच्या ईशान्य भागातल्या पेरूबागांत २००१ मध्ये ती नोंदवली गेली आणि तिथल्या बागाच्या बागा उखडाव्या लागल्या. भारतात २०१६ मध्ये तमिळनाडूतल्या पेरूवर तिची पहिली नोंद झाली. नंतर इतर राज्यांतूनही झाली.

ती स्वतः चालत फार लांब जात नाही. वर्षभरात जेमतेम काही फूट. तिला लांबवर नेतो आपण. पिशवीतल्या रोपाच्या मातीतून, कलमाच्या मुळांतून, न धुतलेल्या अवजारांवरून.

मित्राला विचारलं, "कलमं आणलीस तेव्हा मुळं बघितली होतीस?"

"पिशवी कोण फाडून बघतं?"

खरंय. मीसुद्धा बघितली नसती.

थेट डीएनएच करा की!

आज हे करतातच. पीसीआरनं काही तासांत एन्टरोलोबाय आहे की नाही ते कळू शकतं. पण इन्कॉग्निटा, जावानिका आणि अरेनारिया या तिघी एकमेकींच्या इतक्या जवळच्या, की प्राणी ओळखायला सर्रास वापरला जाणारा डीएनएचा तुकडा त्यांच्यात फरकच दाखवत नाही. त्यांच्यासाठी वेगळे, खास तुकडे शोधावे लागले.

शाळेत आपण शिकलो, आपापसांत प्रजनन करू शकतात ते एका प्रजातीचे. इथं ती व्याख्याही कामाची नाही. या तिघींना आणि एन्टरोलोबायलाही पिल्लं व्हायला नर लागतच नाही. मग रेघ कुठं मारायची? ठसा, आहार, विकर, डीएनए असं सगळं समोर ठेवून माणसालाच ठरवावं लागतं.

आणि मशीन शेवटी तेच नाव सांगतं, जे आधी कुणीतरी डेटाबेसमध्ये लिहून ठेवलंय. त्या माणसानं चुकीच्या मादीला चुकीचं नाव दिलं असेल, तर मशीन तीच चूक बिनदिक्कत परत सांगणार. म्हणून मायक्रोस्कोपला डोळा लावून बसणारी माणसं अजून लागतात. दिल्लीच्या भारतीय कृषी संशोधन संस्थेत १९६६ पासून सूत्रकृमींचा स्वतंत्र विभाग आहे. राहुरीच्या कृषी विद्यापीठात देशव्यापी सूत्रकृमी प्रकल्पाचं केंद्र आहे. पण ॲग्रीच्या आमच्या वर्गात 'टॅक्सॉनॉमी' म्हटलं की पोरं खिडकीबाहेर बघायची. मीही त्यातलाच. त्यातलं थोडं लक्ष देऊन ऐकलं असतं, तर एसटीत उभ्या उभ्या झिंक सांगितलं नसतं.

सध्या नव्यानं घेतलेला नमुना प्रजाती ठरवायला गेलाय. रिपोर्ट यायचाय. तोवर मित्रानं एक ठरवलंय. बागेत वापरलेलं खुरपं, फावडं धुतल्याशिवाय दुसऱ्या रानात न्यायचं नाही. परवा शेजारचे काका पन्नास गुटी कलमं मागायला आले होते, चांगले पैसे देत होते. मित्राला पैशांची गरजही होती.

तो म्हणाला, "काका, थांबा थोडं. आधी नाव कळू दे."

नमुना कसा घ्यायचा?

१. पूर्ण वाळलेल्या झाडाजवळ घेऊ नका, तिथलं खाणं संपलेलं असतं. नुकतंच आजारी पडलेलं झाड निवडा.

२. वरची कोरडी माती बाजूला सारून १५ ते ३० सेंटिमीटर खोलीवरची ओलसर माती आणि बारीक मुळं घ्या. शेतात नागमोडी फिरत १०-१५ ठिकाणची माती एकत्र करा. त्यातली अर्धा किलो पुरे.

३. प्लास्टिकच्या पिशवीत बांधा. पीक, गाव, तारीख पेन्सिलनं लिहा, पेनची शाई ओलाव्यानं पुसते.

४. उन्हात किंवा बंद गाडीत ठेवू नका. कृमी मेले तर ओळख पटवणं अवघड होतं. शक्य तितक्या लवकर पोहोचवा.

५. हरभरा, भुईमुगाच्या मुळांवरच्या गाठी बघून घाबरू नका. बोटानं सहज सुटून येतात आणि आतून गुलाबी असतात, त्या नत्र देणाऱ्या मित्र जिवाणूंच्या. मूळच सुजलेलं असेल आणि गाठ सुटत नसेल, तर लॅब गाठा.

६. रिपोर्टमध्ये नुसतं 'एसपी.' आलं, तर पुढचं नाव विचारा.