९० कोटी ग्रॅमांतला एक ग्रॅम

लाख कोटी ही संख्या आपल्या कानावर पडते ती अर्थसंकल्पाच्या दिवशी, नाहीतर एखादा घोटाळा बाहेर आला की. आता तिथले रुपये काढून टन ठेवा. जगभरच्या मातीच्या वरच्या फक्त एक मीटर थरात सुमारे दीड लाख कोटी टन सेंद्रिय कर्ब आहे. पृथ्वीवरची सगळी जंगलं, गवताळ रानं आणि उभी पिकं एकत्र केली तरी त्यांच्यातला कर्ब पन्नास हजार कोटी टनांच्या आसपास भरतो. आणि रोज जिच्या नावाने बातम्या येतात त्या हवेतला कर्ब? नव्वद हजार कोटींच्या आसपास. झाडं आणि हवा मिळूनही मातीची बरोबरी होत नाही, आणि तीही फक्त एका मीटरपुरती.

हा साठा नुसता पडून नसतो. मातीतले जिवाणू आणि बुरशी पालापाचोळा कुजवता कुजवता दरवर्षी पाच-सहा हजार कोटी टन कर्ब हवेत सोडतात. जगातला कोळसा, डिझेल, पेट्रोल, गॅस सगळं जळून वर्षाला सुटतो तो हजार कोटी टन. म्हणजे डोळ्यांना न दिसणारे जीव आपल्या सगळ्या गाड्या, कारखाने आणि वीजकेंद्रांच्या पाच-सहापट धूर काढतात. फरक एवढाच की ते जे सोडतात तेवढं झाडं परत ओढून घेतात. आपण जाळतो ते कोट्यवधी वर्षांपूर्वी गाडलेलं, त्याला परतीची वाट नाही.

माणसाने नांगर धरल्यापासून या साठ्यातून किती गेलं, हा प्रश्न आकड्यांत मांडण्यासाठी ज्यांनी आयुष्य घातलं त्यांच्यात रत्तन लाल यांचं नाव आधी घ्यावं लागतं. १९४४ साली पश्चिम पंजाबात, आजच्या पाकिस्तानात जन्म. फाळणीत कुटुंब निर्वासित होऊन हरियाणात आलं. लुधियाना, दिल्ली असं शिकत ते अमेरिकेत ओहायोला पोचले, १९६८ साली तिथे डॉक्टरेट मिळवली आणि १९७० पासून नायजेरियातल्या इबादानच्या संशोधन केंद्रात काम करू लागले. जंगल तोडून शेती केली की कर्ब किती झपाट्याने उतरतो, आणि नांगरट टाळून जमिनीवर काडीकचऱ्याचं आच्छादन ठेवलं तर किती वाचतो, हे त्यांनी तिथे वर्षानुवर्षं मोजलं. २०२० मध्ये त्यांना जागतिक अन्न पुरस्कार मिळाला.

२००४ सालच्या त्यांच्या लेखातले आकडे आजही उद्धृत होतात. शेतजमिनींनी आजवर गमावलेला कर्ब ४,२०० ते ७,८०० कोटी टन. त्यातला निम्मा ते दोन तृतीयांश परत मुरवता येईल. आणि वेग? जगभर नेटाने काम केलं तर वर्षाला ४० ते १२० कोटी टन, म्हणजे तेव्हाच्या इंधनाच्या धुराच्या ५ ते १५ टक्के. गमावलेल्या कर्बाचा हिशेब पुढे इतरांनी शेतीच्या बारा हजार वर्षांचा धरून केला, तेव्हा तो दहा हजार कोटी टनांच्याही वर गेला. मला मात्र या मांडणीत मोठ्या आकड्यांपेक्षा ५ ते १५ हा लहान आकडा जास्त प्रामाणिक वाटतो. माती हवामान वाचवेल असं छातीठोकपणे सांगणारे तो सहसा सांगत नाहीत.

तो एवढा लहान का, हे समजायला इंग्लंडमधल्या रॉथमस्टेडला जावं लागेल. जॉन बेनेट लॉज हा सुपरफॉस्फेट खताचा कारखानदार. त्याने आणि रसायनशास्त्रज्ञ जोसेफ हेन्री गिल्बर्टने १८४३ साली ब्रॉडबॉक नावाच्या शेतात गव्हाचा प्रयोग लावला. तो अजून चालू आहे. एका पट्ट्याला तेव्हापासून काहीच नाही. दुसऱ्याला दरवर्षी हेक्टरी ३५ टन शेणखत. १८० वर्षांचं धरलं तर एका हेक्टरवर ६,३०० टन! त्यातून मातीवर पडलेला कर्ब पाचशे टनांच्या वर जातो. आज त्या पट्ट्यात शेजारच्यापेक्षा अडीच-तीनपट कर्ब आहे, पण टनांत मोजला तर वाढ हेक्टरी पन्नासेक टनांची. बाकीचा, म्हणजे दहातले नऊ हिस्से, जिवाणूंनी खाऊन हवेत सोडला. शिवाय सुरुवातीला वाढ वेगाने झाली, मग मंदावली. आता तेवढंच खत घालूनही साठा जवळजवळ तिथल्या तिथे आहे.

जो दहावा हिस्सा राहतो तो बराचसा चिकणमातीच्या कणांना चिकटून. आपल्या काळ्या जमिनीतल्या चिकणमातीत स्मेक्टाइट हे खनिज भरपूर असतं. शुद्ध स्मेक्टाइटच्या एका ग्रॅमच्या पापुद्र्यांचं आतलं-बाहेरचं क्षेत्रफळ सातशे चौरस मीटरच्या घरात जातं. चिमूटभर माती, सात गुंठे पृष्ठभाग. तरीही महाराष्ट्राच्या कोरडवाहू काळ्या जमिनींत सेंद्रिय कर्ब अर्ध्या टक्क्याच्या आसपास रेंगाळतो. बसायला जागा आहे, पण बसणारे कमी: ऊन भरपूर, ओल चार महिने, धसकटं आणि तुराट्या चुलीत किंवा बांधावर जळालेल्या, उकिरड्यावरचं शेण आधी उसाला. कोरड्या भागात मातीतला बराच कर्ब चुनखडीच्या रूपात साचतो. नागपूरच्या राष्ट्रीय मृदा सर्वेक्षण ब्यूरोच्या शास्त्रज्ञांनी यावर पुष्कळ काम केलं आहे. असा चुना वाढणं जमिनीच्या तब्येतीला वाईट, त्यामुळे तो कर्ब आहे म्हणून खूश होण्याचं कारण नाही.

आता एक एकर घेऊ. वरच्या पंधरा सेंटिमीटर मातीचं वजन साधारण नऊ लाख किलो, म्हणजे ९० कोटी ग्रॅम. प्रयोगशाळेत त्यातला चाळून घेतलेला एक ग्रॅम शंकुपात्रात पडतो. त्यावर नारिंगी रंगाचं पोटॅशियम डायक्रोमेटचं द्रावण, मग तीव्र गंधकाम्ल. पात्र हाताला चटका देण्याइतकं तापतं. अर्धा तास ठेवतात, पाणी घालतात, आणि ब्युरेटमधून फेरस अमोनियम सल्फेट थेंब थेंब सोडतात. निळसर जांभळा रंग एका थेंबासरशी हिरवा होतो, तिथे थांबून वाचन घ्यायचं. वॉकली आणि ब्लॅक यांची ही पद्धत १९३४ सालची. तीत तीन चतुर्थांशच कर्ब जळतो म्हणून उत्तराला १.३ ने गुणतात. माती परीक्षणाच्या अहवालात सेंद्रिय कर्बापुढे जे ०.५० छापून येतं ते असं.

हे ०.५० चं ०.६० करायचं तर एकरात ९०० किलो कर्ब वाढायला हवा. घातलेल्यातला पाव हिस्सा टिकेल असं उदार मनाने धरू. सुरुवातीच्या वर्षांत टिकण्याचं प्रमाण जास्तच असतं. म्हणजे घालायला हवा ३,६०० किलो. ओल्या शेणखतात कर्ब सुमारे नऊ टक्के. हिशेब एकरी ४० टनांवर जातो. तीन टनांची ट्रॉली धरली तर तेरा ट्रॉल्या, आणि एवढं करून अहवालातला शेरा ‘मध्यम’च्या ‘मध्यम’च, कारण ०.४१ ते ०.६० हा सगळा टप्पा मध्यमच. उसाचं एकरी तीन-चार टन पाचट जाळण्याऐवजी सरीत कुजवणं यापुढे किती स्वस्त पडतं, हे वेगळं सांगायला नको.

२०१५ च्या पॅरिस परिषदेत फ्रान्सने ‘हजारी चार’ नावाची मोहीम मांडली. जगाच्या मातीतला कर्ब दरवर्षी हजारात चारने वाढला, तर ही वाढ वर्षाला इंधनातून सुटणाऱ्या कर्बाएवढी होईल, हे गणित. दोन मीटर खोलीपर्यंतचा दोन लाख चाळीस हजार कोटींचा साठा धरला तर कागदावर जुळतंही. आपल्या एकराला तेच लावून पाहू. ०.५० टक्क्याच्या हजारी चार म्हणजे ०.००२. अहवाल दशांशानंतर दोनच आकडे छापतो, तेव्हा शेवटचा आकडा एकाने सरकायला पाच वर्षं. त्याच शेतात बांधाजवळचा आणि मधला नमुना यांच्यात याहून कितीतरी मोठा फरक सापडतो.

किलोंत बघितलं तर वर्षाला १८ किलो कर्ब, कार्बन डायऑक्साइडच्या भाषेत ६६ किलो. कार्बन क्रेडिट एका टनाला एक मिळतं. म्हणजे या वेगाने एका एकराला एक क्रेडिट कमवायला पंधरा वर्षं. चांगली निगा राखणाऱ्याचा वेग याच्या कितीतरी पट असू शकतो, हे खरं. पाच पट धरा, तरी तीन वर्षांत एक.