टाकोच्या खिडकीपाशी : शीघ्रसेवा उपाहारगृहातील संभाषण व ग्राहकाचा अनुभव

उपाहारगृहाच्या बरेवाईटपणाची चर्चा करताना चव, किंमत, स्वच्छता आणि तत्परता या चार कसोट्या सामान्यतः लावल्या जातात. भाषा ही पाचवी कसोटी होऊ शकेल, असे सहसा कोणाच्या मनात येत नाही. अमेरिकेतील शीघ्रसेवा उपाहारगृहांत मात्र ग्राहक आणि विक्रेता यांचा संबंध उण्यापुऱ्या काही वाक्यांचा असतो. यजमानाने आग्रह करावा, वाढप्याने विचारपूस करावी, असा तेथे प्रघात नाही. जे काय घडावयाचे ते पाचसहा वाक्यांतच घडते, आणि सेवा चांगली की वाईट याचा ग्राहकाने केलेला निवाडा पुष्कळदा या वाक्यांवरच आधारलेला असतो. आपले म्हणणे ऐकले गेले की नाही, हा त्याचा खरा प्रश्न असतो. टाको विकणाऱ्या उपाहारगृहांच्या उदाहरणावरून हे विशेष स्पष्ट होते. कारण तेथे पदार्थाचे नावच परभाषेतून आलेले आहे.

टाको म्हणजे मक्याच्या रोटीची घडी करून तीत मांस, पालेभाजी, चीज इत्यादी भरलेला मेक्सिकन पदार्थ होय. कॅलिफोर्नियातील सॅन बर्नार्डिनो या गावी १९३७ साली सुरू झालेले ‘मिट्ला कॅफे’ नावाचे मेक्सिकन भोजनगृह आजही प्रसिद्ध आहे. त्याच्यासमोरच ग्लेन बेल यांचे हॅम्बर्गर विकण्याचे दुकान होते. बेल यांनी समोरच्या भोजनगृहातील तळलेल्या टाकोचा अभ्यास केला व रोटीची कवचे आधीच तळून ठेवून टाको झटपट भरून देण्याची पद्धत बसविली. (अशी कवचे तळण्याच्या साधनाचे एकस्व हुवेन्सियो माल्दोनादो या मेक्सिकन गृहस्थांनी न्यूयॉर्क येथे १९५० सालीच मिळविले होते, हे बहुधा सांगितले जात नाही.) पुढे १९६२ साली डाउनी येथे ‘टाको बेल’चे पहिले दुकान निघाले.

बेल यांनी आपल्या अगदी पहिल्या टाकोग्राहकाची हकीकत सांगून ठेवली आहे. तो गृहस्थ सूट घालून आला होता. घास घेताच रस ओघळून त्याच्या बाहीवर आणि टायवर सांडला. हे गिऱ्हाईक आता गेले, असे बेल यांना वाटले. परंतु तो परत आला आणि त्याने आणखी एक टाको मागितला. ही हकीकत विक्रेत्याने सांगितलेली आहे, हे ध्यानात ठेवले पाहिजे. तथापि तीत एक लक्षणीय गोष्ट आहे. त्या ग्राहकाचा अनुभव वास्तविक गैरसोयीचा होता. तरी त्याने तक्रार केली नाही, कारण त्याने जे मागितले होते तेच त्याला मिळाले होते.

आता संभाषणाच्या रचनेकडे वळू. दुकानातील संवादाचा विचार करताना मॅरिलिन मेरिट यांनी १९७६ साली असे दाखविले, की तेथे प्रश्नानंतर उत्तराऐवजी प्रश्नच येणे हे स्वाभाविक असते. ‘तिखट सॉस आहे का?’ असे विचारले असता ‘आहे’ असे उत्तर क्वचितच मिळते. ‘किती पुड्या देऊ?’ असा प्रतिप्रश्न होतो. ग्राहकाचा प्रश्न ही चौकशी नसून मागणी आहे, हे विक्रेत्याने ओळखलेले असते. वाक्याचे व्याकरणिक रूप एक आणि त्याने साधलेली वाक्कृती दुसरी, हा भेद कामावरील कोवळा मुलगाही चुकत नाही. पुढे रॉबिन लीडनर यांनी १९९३ साली शीघ्रसेवेतील नोकरांना पढविल्या जाणाऱ्या ठरीव वाक्यांचा अभ्यास प्रसिद्ध केला. ही वाक्ये सौजन्याची असतात; परंतु पाठ केलेले सौजन्य ग्राहकाला ताबडतोब ओळखू येते, आणि त्याने तो सुखावतोच असे नाही.

मोटारीत बसूनच अन्न घेऊन जाण्याची जी सोय आहे, तिला ‘ड्राइव्ह-थ्रू’ म्हणतात. तेथे बोलणाऱ्याचा चेहरा दिसत नाही. ओठांची हालचाल, मान डोलावणे, बोटांनी संख्या दाखविणे हे सर्व आधार नाहीसे होतात. इंजिनाचा आवाज, वारा, मागच्या आसनावरील मुलांचा कलकलाट यांतून एका ध्वनिग्राहकापर्यंत शब्द पोचवावयाचे असतात. येथे एका विशिष्ट ग्राहकवर्गाची अडचण भाषाभ्यासकाला उद्‌बोधक वाटेल. अमेरिकेत स्थायिक झालेल्या भारतीय शाकाहारी कुटुंबांत, आणि त्यांत मराठी कुटुंबेही आली, ‘मेक्सिकन पिझ्झा’ नावाचा टाको बेलचा पदार्थ फार लोकप्रिय आहे. दोन तळलेल्या रोट्यांमध्ये गोमांस व घेवड्याचे सारण आणि वर सॉस, चीज व टोमॅटो, असे त्याचे मूळ स्वरूप. शाकाहारी ग्राहक त्यातील ‘बीफ’ काढावयास सांगतो व त्याऐवजी अधिक ‘बीन्स’ घालावयास सांगतो. मेक्सिकन पद्धतीत हे बीन्स पुष्कळदा डुकराच्या चरबीत परततात. या कंपनीचे बीन्स मात्र तसे नसतात, आणि २०१५ साली ते शाकाहारी असल्याचे प्रमाणपत्रही तिने घेतले.

‘बीफ’ आणि ‘बीन्स’ या दोन शब्दांकडे ध्वनिदृष्ट्या पाहावे. दोहोंचा आरंभ एकच, स्वर तोच, भेद काय तो अंत्य व्यंजनांचा. त्यातही इंग्रजीतील अंत्य ‘फ’ हा अतिशय क्षीण घर्षक आहे. गोंगाटात जे ध्वनी प्रथम बुडतात त्यांत त्याची गणना होते. ‘न’पूर्वीचा स्वर किंचित अनुनासिक होतो एवढाच काय तो आधार. म्हणजे एका कुटुंबाचा आहारधर्म एका क्षीण व्यंजनावर टांगलेला असतो! अशा वेळी नुसते ‘बीन्स द्या’ एवढे सांगणे पुरेसे ठरत नाही; ‘बीफ नको, बीन्स घाला’ अशी निषेध व विधी यांची जोडी वापरावी लागते. शैलीच्या शिक्षकाने जिला पुनरुक्ती म्हणून खोडले असते, ती येथे अर्थरक्षणासाठी अपरिहार्य असते. विक्रेत्याने मागणी उलट वाचून दाखविणे, किंवा ती पडद्यावर दिसणे, हाही पुनरुक्तीचाच प्रकार होय.

ही जोडी चुकली तर काय होते? टोमॅटो कमी पडला तर ग्राहक कुरकुरतो; परंतु नको म्हटलेले मांस तोंडात आले तर तो दुखावतो. डॅन जुराफ्स्की व त्यांचे सहकारी यांनी २०१४ साली अमेरिकेतील उपाहारगृहांविषयी ग्राहकांनी लिहिलेल्या सुमारे ९ लाख अभिप्रायांचे विश्लेषण प्रसिद्ध केले. अत्यंत प्रतिकूल अभिप्रायांची भाषा आघात सोसलेल्या माणसांच्या कथनासारखी असते, असे त्यांना आढळले : क्रियापदे भूतकाळी, कर्ता ‘मी’ऐवजी ‘आम्ही’, आणि निवेदनात अन्नापेक्षा माणसांचा, त्यांच्या वागणुकीचा उल्लेख अधिक. उलट स्वस्त पदार्थांची स्तुती करताना लोक व्यसनाची भाषा वापरतात. तक्रारीत ‘आम्ही’ का येतो, याचे उत्तर मोटारीतील कुटुंब डोळ्यांपुढे आणले की सहज मिळते.

मेक्सिकन पिझ्झा नोव्हेंबर २०२० मध्ये यादीतून काढला गेला, तेव्हा तो परत आणावा म्हणून दीड लाखांहून अधिक लोकांनी सह्या केल्या. त्यांत भारतीय वंशाच्या ग्राहकांचा पुढाकार होता. मे २०२२ मध्ये पदार्थ परत आला.

पदार्थाचे नाव हेही एक वचन असते. जानेवारी २०११ मध्ये कॅलिफोर्नियात टाको बेलविरुद्ध एक दावा दाखल झाला. सारणात मांसाचे प्रमाण कमी असल्यामुळे त्याला ‘बीफ’ म्हणता येणार नाही, ‘टाकोचे मांसयुक्त सारण’ म्हणावे, असे वादीचे म्हणणे होते. सारणात ८८ टक्के गोमांस असून उरलेले मसाले, पाणी, ओट वगैरे आहे, असे उत्तर कंपनीने पानपानभर जाहिराती देऊन दिले, आणि एप्रिलमध्ये दावा मागे घेण्यात आला. वाद पाकशास्त्राचा दिसला, तरी तो मूलतः अर्थविचाराचा होता. मेक्सिकोत हाच प्रश्न उलट बाजूने उभा राहिला. तेथे १९९२ मधील पहिला प्रयत्न फसल्यावर कंपनी २००७ साली मोंतेरे शहरात पुन्हा गेली. ज्या भाषेतून शब्द घेतला त्याच भाषेच्या लोकांना कडक कवचाच्या पदार्थास ‘टाको’ म्हणून विकणे अवघड, हे ओळखून तिने ‘टाको’ व ‘तोस्तादा’ यांचा संकर करून ‘टाकोस्तादा’ असा शब्द बनविला. शब्दनिर्मितीच्या दृष्टीने तो निर्दोष आहे. परंतु ग्राहक त्याला भुलले नाहीत, आणि २०१० साली ती दुकाने बंद झाली.

अलीकडे मागणी ऐकण्याचे काम यंत्राकडे देण्याचे प्रयोग झाले. टाको बेलने ५०० हून अधिक ठिकाणी अशी यंत्रे बसविली. ऑगस्ट २०२५ मध्ये त्यांच्या फजितीच्या दोन चित्रफिती गाजल्या. एकीत ग्राहकाने १८,००० पेले पाणी मागितले. कोणत्याही माणसाने ही थट्टा ओळखली असती. यंत्राने ती मागणी समजून घेतली आणि ते कोलमडले. दुसरीत एका ग्राहकाने पेयच मागितले होते. यंत्र त्याला पुनःपुन्हा विचारीत राहिले, की ‘आणि त्याबरोबर प्यायला काय घ्याल?’ प्रत्येक वाक्य स्वतंत्रपणे व्याकरणशुद्ध आणि सौजन्यपूर्ण होते. ग्राहकाचा पारा मात्र चढत गेला. त्याच महिन्यात कंपनीच्या अधिकाऱ्यांनी या योजनेचा फेरविचार चालू असल्याचे सांगितले : गर्दीच्या वेळी, मोठी रांग असलेल्या दुकानांत, मागणी माणसाने ऐकून घेतलेली बरी.