पंगतीचा प्रसाद

भाद्रपद शुद्ध पक्षात अनुराधा नक्षत्रावर ज्येष्ठा गौरी घरी येतात, ज्येष्ठा नक्षत्रावर त्यांचे पूजन होते आणि मूळ नक्षत्रावर त्या निरोप घेतात. या तीन दिवसांतील नैवेद्याचा क्रम मोठा अर्थपूर्ण आहे. बहुतेक घरी पहिल्या दिवशी भाजी-भाकरी दाखवितात. पुरणपोळीचे ताट दुसऱ्या दिवशी येते. गरिबाघरच्या अन्नाला देवीने पहिला मान दिला, असेच म्हणावयाचे.

आमच्या बालपणी पूजनाच्या दिवशी घरी पंगत बसे. केळीच्या पानाच्या डाव्या बाजूस मीठ, लिंबू, चटणी, कोशिंबीर. उजव्या बाजूस भाज्या. मधोमध वरण-भाताची मूद आणि तीवर साजूक तुपाची धार. नैवेद्य दाखविल्यावाचून कोणी जिभेला काही लावीत नसे आणि मुलांनी आळीपाळीने श्लोक म्हटल्यावाचून पंगत उठत नसे. आमचे संस्कृत पाठांतर पाठशाळेच्या आधी या पंगतीतच झाले.

तिचा एक अलिखित दंडक होता. पंक्तिप्रपंच करावयाचा नाही. यजमानाच्या पानात जे, तेच शेवटच्या पाटावरील पाहुण्याच्या पानात. १९७२ च्या दुष्काळाने या दंडकाची परीक्षा पाहिली. पाऊस रुसला होता. पुढे तर रेशनवरील परदेशी मिलोची लालसर भाकरी घरोघरी आली. त्या भाद्रपदात आजीने मोजक्याच पोळ्या लाटल्या आणि लहानथोर सर्वांच्या पानांत चतकोर-चतकोर वाढली. कोणाच्याही तोंडून उण्याचा शब्द निघाला नाही, कारण सर्वांचा वाटा सारखा होता. पोटभर खाल्लेल्या कित्येक पोळ्यांची चव विसरली. त्या चतकोराची विसरली नाही.

तथापि, त्या पंगतीचे गुण गाताना तिचे उणे झाकणे योग्य नव्हे. दिवसभर राबणाऱ्या आई-काकू दुपार टळल्यावर उरल्यासुरल्यावर जेवत; आणि जातीपायी कित्येकांना तेथे पाटच नव्हता. पैठणच्या नाथमहाराजांनी श्राद्धाचे अन्न दारावरून जाणाऱ्या भुकेल्या अस्पृश्यांना जेवू घातले, ही कथा कीर्तनात सांगताना मला वाटते, पंक्तिप्रपंच खरा मोडला तो तेथे. एकट्याने खाणारा पापाचा धनी होतो, असे ऋग्वेदाच्या दहाव्या मंडलातील दानसूक्त बजावते. केवळ स्वतःसाठी अन्न शिजविणाऱ्यास गीतेचा तिसरा अध्यायही तोच दोष देतो.

आज घरे लहान झाली, पाटांच्या जागी टेबले आली. त्याची खंत करू नये. गौरीपूजनाच्या दिवशी एवढेच करावे, की जिने रांधले तिनेही सर्वांबरोबर पहिल्या पंगतीस बसावे, आणि शेजारी कोणी एकटे राहत असेल तर त्याचेही पान आपल्या घरी मांडावे. माहेरवाशीण देवीला याहून मोठा पाहुणचार कोणता? मग पुरण थोडे कमी पडले तरी पंगत पुरी पडेल.