स्नायुक्षयग्रस्त विद्यार्थी आणि वर्गातील व्यवस्था

सुमारे पंचवीस वर्षांपूर्वी मी एका खेड्यात दुसरीचा वर्ग शिकवीत असता, प्रार्थनेनंतर उठावयास नेहमी विलंब लावणारा एक मुलगा त्या वर्गात होता. तो प्रथम ओणवा होई, मग हात गुडघ्यांवर व मांड्यांवर टेकीत स्वतःच्याच अंगावर चढल्यासारखा उभा राही. मुले हसत. आळस समजून मी त्यास अनेकदा उठाबशा काढावयास लावल्या. पुढे निदान झाले ते ड्युशेन स्नायुक्षयाचे, म्हणजे डॉक्टर ज्यास मस्क्युलर डिस्ट्रॉफी म्हणतात त्याचे.

हा आनुवंशिक रोग बहुधा मुलांनाच होतो. स्नायूंचे रक्षण करणारे डिस्ट्रॉफिन हे प्रथिन शरीरात तयार होत नाही, म्हणून स्नायू हळूहळू झिजतात. वारंवार पडणे, चवड्यांवर चालणे, जिना चढताना थकणे ही आरंभीची लक्षणे होत. पोटऱ्या मात्र भरदार दिसतात व मुलगा दणकट वाटतो. येथेच आपली फसगत होते. अशी शंका येताच पालकांना विश्वासात घ्यावे व शाळेत येणाऱ्या आरोग्य तपासणी पथकास मूल दाखवावे. आईला दोष देण्याची गावात प्रवृत्ती असते, ती अज्ञानमूलक आहे. कित्येकदा हा जनुकदोष मुलातच नव्याने उद्भवलेला असतो.

रोग समूळ बरा करणारा उपाय अद्याप नाही. स्टिरॉइड औषधांनी ऱ्हासाची गती मंदावते. परंतु ती कोणाच्याही सांगण्यावरून एकाएकी बंद करू नयेत, त्यात जिवास धोका असतो.

कवायतीत धावणे, उड्या मारणे, उठाबशा या मुलास वर्ज्य समजाव्यात, कारण अतिश्रमाने स्नायू अधिक झिजतात. तथापि त्यास दिवसभर एका जागी बसवून ठेवणेही अहितकारक आहे. त्यास उठविताना काखेत हात घालून ओढू नये. खांदे दुर्बल असल्याने तो हातांतून निसटतो. त्याची बैठक जमिनीवर नसावी, बाकावर असावी. बोटांतील शक्ती खांद्यांच्या मानाने पुष्कळ काळ टिकते. म्हणून कोपरे टेकतील एवढ्या उंचीचे मेज दिल्यास तो दीर्घकाळ स्वतः लिहू शकतो. शौचालयाची अडचण मूल लाजेने सांगत नाही व त्यासाठी पाणी पिणेही टाळते. ती आपण होऊन विचारावी.

साधारणतः दहा ते बारा वर्षांच्या सुमारास, उपचार चालू असल्यास काहीसे उशिरा, चालणे थांबते व चाकाची खुर्ची लागते. आमच्या त्या मुलाचे शिक्षण पाचवीतच संपले. पाचवीचा वर्ग माडीवर भरत असे. तो खाली आणावा, हे आम्हां कोणासच सुचले नाही.

पुढे हृदय व श्वसनाचे स्नायूही दुबळे होतात. सकाळी डोके दुखते, वर्गात झोप येते. हे पालकांमार्फत डॉक्टरांना कळवावे. सन २०१६ च्या दिव्यांग व्यक्ती हक्क अधिनियमात या रोगाचा समावेश आहे. चाळीस टक्के वा अधिक दिव्यांगत्वाचा दाखला मिळाल्यास अठराव्या वर्षापर्यंत मोफत शिक्षणाचा हक्क पोहोचतो. लेखनिकाची गरज भासण्यापूर्वीच तो दाखला काढून ठेवावा.