गावची आग व गावचा पुढारी

फाल्गुन उतरणीस लागला म्हणजे आमच्या नागपूर जिल्ह्यात आगीचे दिवस सुरू होतात. गहू वाळून उभा असतो व वाऱ्याने तारेस तार लागून ठिणगी पडण्याचा अवकाश असतो. पूर्वेकडील धानपट्ट्यात तणशीच्या गंजी गोठ्यालगत रचलेल्या असतात. इतरत्र पऱ्हाटी व तुऱ्हाटी जळणासाठी कुडाच्या भिंतीला टेकवून ठेवलेली असते. काटोल-नरखेडकडे बांधावरचे गवत पेटवून देण्याची खोड अद्याप गेलेली नाही. त्यात संत्र्याच्या झाडाची साल भाजते व ठिबकाच्या नळ्या वितळतात, हे बागाईतदार वाचकांस आम्ही सांगावयास नको. आग कशी लागते याविषयी पुष्कळ लिहिले जाते. लागल्यावर गावात हुकूम कोणाचा चालावा, याविषयी मात्र कोणी लिहीत नाही. प्रस्तुत लेखाचा विषय तोच आहे.

महसूल कचेरीत लेखणी चालविताना जळिताची प्रकरणे आमच्या हातून पुष्कळ गेली. पंचनाम्यात आगीचे कारण असते, जळालेल्या मालाची किंमत असते, पंचांच्या सह्या असतात. विझविताना पुढे कोण होता, असा रकाना नसतो. परंतु चौकशी केली असता बहुधा असे कळे की, माणसे थोडी नव्हती, पाणीही अगदीच नव्हते असे नाही. सांगणारा कोणी नव्हता.

पूर्वी हा प्रश्न पडत नसे. मध्यप्रांतात मालगुजारीचा अंमल होता आणि गावोगाव मुकद्दम असे. १८८१ च्या जमीन महसूल कायद्याने त्याच्या कामांस बांधीव रूप दिले होते. आग लागली की त्याच्या वाड्यावरून हाक जाई आणि कोतवाल गावभर धावे. आम्ही मालगुजारीचे गुणगान करीत नाही. त्या हाकेमागे वेठीचा धाकही होता व पहिले पाणी कोणाच्या घरावर पडे हे आमच्या वडीलधाऱ्यांस चांगले ठाऊक होते. तथापि हाक एकाची होती, एवढे खरे. ३१ मार्च १९५१ रोजी मालगुजारीचे हक्क संपले. पुढे महाराष्ट्र ग्रामपोलीस अधिनियम, १९६७ हा कायदा १ जानेवारी १९६८ पासून अमलात आला, वंशपरंपरेची पाटिलकी मोडली आणि नेमलेला पोलीस पाटील आला. पंचविसाच्या आत व पंचेचाळिसाच्या वर वय असलेल्याची नेमणूक होत नाही, आणि साठावे वर्ष पुरे झाले की त्यास पद सोडावे लागते. ही व्यवस्था न्यायाची आहे. अडचण एवढीच की, जुना उतरल्यावर नवा नेमला जाईपर्यंत कित्येक महिने शेजारच्या गावच्या पाटलाकडे अतिरिक्त कारभार राहतो. दाखल्यावर सही करण्यास तो पुरतो. पेटलेल्या गोठ्याजवळ तो कोठून असणार?

गेल्या काही वर्षांतील एक प्रसंग आम्ही स्वतः पाहिला. गावाचे नाव देत नाही. धानपट्ट्यातील दीडशे उंबऱ्यांचे ते गाव. तेथील पोलीस पाटील पौषात वयोमानाने उतरले होते व जागा रिकामी होती. चैत्रातील एका दुपारी आम्ही नातलगाकडे जेवावयास बसलो असता आरडाओरड ऐकू आली. एका गोठ्यास आग लागली होती. पाऊण घटकेत साठएक माणसे जमली. दोघेजण विहिरीवरचा पंप सुरू करू लागले, तो दुसऱ्या कोणी, उचित म्हणूनच, तार पेटू नये यासाठी डीपीवरून वीज तोडली. पंप बंद पडला व तेथेच दोघांची जुंपली. तिघे बादल्या घेऊन जळत्या गंजीवर पाणी ओतीत होते. जी पेटून गेली तिच्यावर पाणी ओतून काय साधणार? वाऱ्याच्या तोंडावरची दुसरी गंजी वीस हातांवर उभी होती व तिच्यापलीकडे घरांची ओळ होती. तिकडे कोणाचेही लक्ष नव्हते. तरुण मंडळींपैकी काही जण भ्रमणध्वनीवर छायाचित्रे घेत होते, हेही येथे नमूद करणे प्राप्त आहे.

इतक्यात उतरलेले पाटील काठी टेकीत आले. त्यांनी प्रथम जनावरांविषयी विचारले. दोन बैल सुटले होते. एक वासरू आत राहिले होते, त्याचा इलाज उरला नव्हता. मग ते एवढेच म्हणाले, ‘ते जळू द्या. ही गंजी ओढा.’ काही जण हलले, काही हलले नाहीत. एक तरुण तोंडावर म्हणाला, ‘आता तुम्ही पाटील नाही, काका.’ पाटील त्यावर काही बोलले नाहीत, आणि तो क्षण आम्ही अद्याप विसरलो नाही. त्याच वेळी बचतगटाची एक बाई विळा घेऊन पुढे झाली व तिच्यामागून आठदहा बाया आल्या. दाताळ्यांनी व हातांनी त्यांनी ती गंजी ओढून पांगविली, मध्ये मोकळी पट्टी केली आणि ओली पोती टाकली. तेवढ्यात एका बागाईतदाराने फवारणीची टाकी ट्रॅक्टरला जोडून आणली. तालुक्याचा बंब अंतर तोडून आला तेव्हा घरांची ओळ वाचली होती.

त्या बाईस हे कोणी शिकविले, असे आम्ही विचारले. ती वनव्यवस्थापन समितीवर होती व उन्हाळ्यात जंगल खात्याबरोबर जाळरेषा काढावयास जात असे. जंगलातील आगीपुढची जागा मोकळी करावयाची, मग वणवा आपोआप उपाशी मरतो, हे तिने मोहफुलांच्या हंगामात डोळ्यांनी पाहिले होते. १९२७ च्या भारतीय वन अधिनियमात, राखीव वा संरक्षित जंगलात हक्क बजावणाऱ्यांवर आग विझविण्यास साह्य करण्याचे बंधन घातले आहे. जंगलालगतच्या गावास ते ज्ञान त्यामुळे थोडेबहुत आहे. पेंचच्या जंगलात २०२४ साली धूर दुरून ओळखणारा कॅमेरा बसविण्यात आला. तो धूर दाखवील. गंजी ओढणार नाही.

परदेशात हा प्रश्न कसा सोडविला आहे हे पाहण्याजोगे आहे. जर्मनीतील बव्हेरिया प्रांतात गावोगाव स्वयंसेवकांची अग्निशामक दले आहेत. तेथील दलनायक दलाचे सभासदच सहा वर्षांसाठी निवडतात; परंतु चार वर्षे चाकरी केलेला व नेमलेले शिक्षण घेतलेला मनुष्यच निवडून येऊ शकतो, आणि ग्रामसंस्थेची मान्यता लागते. जपानात दलाने शिफारस करावी व नगरप्रमुखाने नेमावे अशी रीत आहे. दोन्हीकडे सत्ता कोणाची हा वाद आग लागण्यापूर्वीच मिटलेला असतो. आमच्याकडे शिक्षणाची साधने नाहीत असे कोणी म्हणू नये. राष्ट्रीय अग्निशमन सेवा महाविद्यालय १९५६ साली रामपूर येथे निघाले व १९५७ पासून नागपुरासच आहे. नागरी संरक्षणाचे राष्ट्रीय महाविद्यालयही येथेच होते. मुंबईच्या गोदीत १४ एप्रिल १९४४ रोजी झालेल्या स्फोटात ६६ अग्निशामक जवान कामी आले. त्यांच्या स्मरणार्थ दरवर्षी १४ एप्रिलपासून सप्ताह पाळतात. तो सप्ताह आमच्या गंजींच्या ऐन दिवसांत येतो, आणि गावाकडे त्याची वार्ताही नसते, याचे आम्हांस नवल वाटते.

आता त्या गावाची हकीकत पुरी करतो. पुढील ग्रामसभेत दलनायक कोणास करावे यावर बराच वाद झाला. सरपंचपक्षाने आपला एक मनुष्य पुढे केला; ट्रॅक्टरवाल्याचेही नाव निघाले. बाईचे नाव घेताच मागील बाजूस हसू उठले. तेव्हा तोच तरुण, ज्याने काकांना बोल लावला होता, उठून म्हणाला की, माझ्या बापाचे घर त्या ओळीत तिसरे आहे. नंतर फारसे कोणी हसले नाही. नवा पोलीस पाटील येईल तेव्हा येईल, त्याचे काम तो करील. आगीपुरता हुकूम त्या बाईचा, व तिच्या गैरहजेरीत ट्रॅक्टरवाल्याचा, असे ठरले आणि कार्यवृत्तात लिहिले गेले.

उतरलेल्या पाटलांनी तिच्या स्वाधीन केली ती एक वही. चैत्र-वैशाखात कोणत्या विहिरीस पाणी राहते, शिडी कोणाकडे, फवारणीच्या टाक्या कोणाच्या, लाइनमनचा क्रमांक, गावात अंथरुणास खिळलेली माणसे किती व ती कोणत्या खोलीत निजतात, जनावरांचे दावे कापण्यास विळा कोणत्या गोठ्यात टांगलेला असतो, एवढे त्यात होते. बाईने ती वही घरोघर फिरून ताडून पाहिली. पाच विहिरींपैकी दोन आता वैशाखापर्यंत टिकत नाहीत असे आढळले, म्हणून त्या तिने खोडल्या. आणि अंथरुणास खिळलेल्यांच्या यादीत, काकांना न विचारता, काकांच्या पत्नीचे नाव लिहिले.